सर काय म्हणाले

तारा कापगतेचे कान गेले तेव्हा ती सतरा वर्षांची होती. बारावीचे पेपर संपले आणि निकाल लागायच्या आधीच तिला मेंदूज्वर झाला. दवाखान्यातून घरी आली तेव्हा ताप उतरलेला होता, डोकं शाबूत होतं, बोलणंही होतं तसंच होतं. पहिले काही दिवस तिला वाटलं, आजारी माणसाला त्रास नको म्हणून घरातले सगळे हळू बोलत आहेत. मग एका दुपारी आई अंगणातून धावत स्वयंपाकघरात आली आणि तिनं गॅस बंद केला. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता, वरणाचं पाणी शेगडीवर उडत होतं, आणि तारा त्याच ओट्याशी कांदा चिरत उभी होती. आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिथून पुढे घरात कुणी हळू बोलण्याचा विषय काढला नाही.

वडील दयाराम कापगते पोलाद कारखान्यात, रूळ बनवणाऱ्या रेल मिलमध्ये, ऑपरेटर होते. साकोलीकडची धानाची शेती भावांवर सोडून तरुणपणीच भिलाईला आलेले. मिलच्या आवाजात उभी हयात गेल्यामुळे ते घरीही शेजारच्या क्वार्टरला ऐकू जाईल असं बोलत. तारा बहिरी झाल्यावर ते आणखी मोठ्यानं बोलू लागले. त्याचा उपयोग नव्हता, आणि त्यांच्या मिशीमुळे ओठही दिसत नसत. मग आई, मनकर्णाबाई, मध्ये बसून त्यांचं बोलणं सावकाश, ओठ मोकळे करून पुन्हा म्हणायची. आईचे ओठ ताराला सगळ्यांत आधी वाचता आले. त्यानंतर रमाचे.

रमा किन्हेकर तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिचे वडील कृष्णराव प्लँटच्या ऑफिसात क्लार्क होते आणि त्यांनी नेहरू नगरात घर बांधलं होतं. दोघींनी दुर्गच्या एका हिंदी माध्यमाच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. पहिलं वर्ष ताराचं वाईट गेलं. सर बोलत बोलत फळ्याकडे वळले की त्यांचे ओठ जायचे. रमा शेजारी बसून भराभर लिहायची आणि तारा तिच्या वहीत तिरकं डोकावून वाचायची. पण रमाच्या हातून अर्धं सुटायचं, आणि जे उतरायचं ते तिला स्वतःलाच घरी लागायचं नाही. तारा कशीबशी पास झाली.

सत्त्याण्णवच्या दिवाळीत तिचा भाऊ ओमप्रकाश पुण्याहून आला. तो तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता. कंपनीनं मोडीत काढलेला एक लॅपटॉप त्यानं बहिणीसाठी आणला. काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचा, विटेसारखा जड, बॅटरी मेलेली. सतत प्लगला लावून ठेवावा लागायचा. सुट्टीभर तो त्याच्यासमोर बसून राहिला. फराळाचं ताट आई तिथेच नेऊन द्यायची.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं ताराला आणि रमाला समोर बसवलं. त्यानं एक प्रोग्राम लिहिला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं ‘कान’. रमानं टाइपिंगची परीक्षा दिलेली होती. सर बोलतील ते तिनं इंग्रजी अक्षरांत हिंदीतून टाइप करायचं, आणि तेही थोडक्यात. दोन-तीन अक्षरं मारली की अख्खा शब्द स्क्रीनवर यायचा. ‘जीटीव्ही’ मारलं की गुरुत्वाकर्षण. अक्षरं मोठाली, लांबूनही वाचता येतील अशी. तास संपला की तारीख आणि विषय घालून ते सगळं आपोआप साठून राहायचं. एखादी ओळ महत्त्वाची असली तर एक बटण दाबायचं, की तिच्यापुढे चांदणी यायची.

“सर बोलून राहिले अन् तू वाचून राहिली,” ओमप्रकाश ओठ मोठे करत म्हणाला. “मध्ये फक्त रमा.”

रमा हसली. तिनं बोटं मोडून दाखवली.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी तोंडी परवानगी दिली. वर्गात एकच प्लग होता, दरवाजाजवळच्या भिंतीत, म्हणून दोघी दरवाजाजवळच्या बाकावर बसू लागल्या. पहिल्याच दिवशी स्क्रीनवर ओळ आली : ‘खिड़की बंद करो, धूल आ रही है.’ ताराने मान वर केली, तर एक मुलगा उठून खिडकीकडे चालला होता. कुणीतरी काय करणार आहे हे ते होण्याआधी तिला दीड वर्षात पहिल्यांदा कळलं होतं. तिनं रमाचा दंड इतका घट्ट धरला की रमाची पुढची ओळ चुकली.

फिजिक्सला वर्मा सर होते. कॉलेजातले सगळ्यांत लाडके सर. दुसऱ्या वर्गातली पोरंसुद्धा त्यांच्या तासाला येऊन मागे उभी राहायची. शिकवायचे फार छान, आणि मध्ये मध्ये असं काही बोलायचे की अख्खा वर्ग हसून गदगदायचा. ताराला ते हसणं बाकातून कळायचं, लाकूड थरथरायचं. ती लगेच स्क्रीनकडे बघायची. रमाची बोटं क्षणभर थांबायची आणि मग ओळ यायची : ‘सर बोल रहे हैं, न्यूटन के सामने एक सेब गिरा तो नियम बन गया. मेरे घर रोज़ दूध गिरता है, कोई किताब में नाम नहीं डालता.’ तारा हसायची. सगळ्यांच्या थोडी मागून, पण मनापासून.

संध्याकाळी ती ते विनोद वडिलांना सांगायची. दयाराम मांडीवर थाप मारून हसायचे आणि दुसऱ्या दिवशी मिलच्या कँटीनमध्ये सांगायचे. तेजराम म्हणून त्यांचा जोडीदार होता, तो तर भेटला की आधी विचारायचा, “काय म्हनते मंग तुमचा वर्मा सर?” सरांना घरात कुणी पाहिलं नव्हतं, पण ते घरातलेच झाले होते.

डिसेंबरात एकदा स्थितिस्थापकतेचा धडा चालू असताना ताराने हात वर केला आणि उभं राहून विचारलं, “सर, तार टूटने के पहले जो लंबा हो जाता है, टूटने के बाद वो लंबाई वापस क्यों नहीं जाती?” वडिलांच्या मिलमध्ये रुळाचे तुकडे ताणून तोडतात, ते त्यांनी एकदा दाखवलं होतं, तेव्हापासून तिच्या डोक्यात हे होतं. आपला आवाज किती मोठा निघतो हे तिला कळत नव्हतं. बाक थरथरला. सर काहीतरी बोलले, हात कानाशी नेऊन. मग स्क्रीनवर आलं : ‘बहुत अच्छा सवाल. ऐसा सवाल इस क्लास में पहली बार आया.’

त्या दिवशी ती घरी आली ती उडतच. फिजिक्समध्येच एम.एस्सी. करणार, असं तिनं आईला सांगितलं. आईनं देवापुढे साखर ठेवली.

हिवाळाभर मशीन चालली. सहामाहीत तारा फिजिक्सला वर्गात दुसरी आली. रमा मात्र उतरत चालली होती. तिचं डोकं दुखायचं, तास संपला की ती बाकावर डोकं टेकवून बसायची, साध्या बोलण्यावर चिडायची. ताराला वाटलं, इतकं टाइप करावं लागतं म्हणून. तिनं घरून बदामाचं तेल आणून रमाच्या बोटांना चोळून दिलं. रमानं हात ओढून घेतला आणि मग पुन्हा तिच्या हातात दिला.

फेब्रुवारीत रमाच्या ताईचं लग्न निघालं, वर्ध्याला. जायच्या आधी रमा ताराच्या घरी आली.

“मी येईपर्यंत तू फिजिक्सले जाऊ नको,” ती म्हणाली. “मी आल्यावर कोनाच्या तरी नोट्स आनून देतो तुले.”

“कावून? तेवढ्यात किती शिकवतीन सर.”

“शिकवू दे ना. जाऊ नको म्हनतो तं जाऊ नको.”

“माह्याबिगर सरचं काय अडते, पन सरबिगर माहं अडते,” तारा म्हणाली आणि हसली. रमा हसली नाही. मनकर्णाबाईंनी तिला तिळाचा लाडू दिला, तोही तिनं हातातच ठेवला.

तारा ऐकणाऱ्यांपैकी नव्हती. कोहक्याची शीला साहू त्याच कॉलेजात बी.ए.ला होती आणि तिचा टाइपिंगचा वेग सगळ्यांना माहीत होता. ताराने तिला गाठलं. शीलाला मशीनचं नवल वाटलं. अर्ध्या तासात तिनं रमाच्या सगळ्या खुणा पाठ केल्या. मग स्क्रीनवर टाइप करून ताराला सांगितलं : ‘हमारे इंस्टीट्यूट में सिखाते हैं, जो कान में आया वो काग़ज़ पर. अपना दिमाग़ नहीं लगाने का.’

“बस, वही चाहिए,” तारा म्हणाली.

वर्मा सर आले. शीलानं त्यांच्याकडे पाहत टाइप करायला सुरुवात केली. तिला बटणांकडेही बघावं लागत नसे आणि स्क्रीनकडेही.

बाक थरथरला. तारा सवयीनं हसली, आणि मग तिनं वाचलं.

‘आज ऑपरेटर बदल गई क्या? पुरानी वाली को बहरी ने थका दिया होगा.’

ती हसत असतानाच सरांनी तिच्याकडे पाहिलं होतं आणि तेही हसले होते. पुढची ओळ आली.

‘देखो देखो, हँस रही है. इसको लगता है चुटकुला सुनाया.’

मग, मागच्या बाकावरचं कुणीतरी : ‘सर, लाउडस्पीकर से एक सवाल पुछवाइए ना.’

‘नहीं भाई. पिछली बार कान में दो दिन सीटी बजी. फिर हमको भी मशीन लेनी पड़ेगी.’

बाक पुन्हा थरथरला, आता जास्त वेळ. ताराचं हसू अजून तोंडावरच होतं. ते कसं काढून घ्यायचं हे तिला समजेना. शीलानं काय टाइप होतंय ते पाहायला मान वळवली, आणि तिची बोटं थांबली. तिनं घाबरून ताराकडे पाहिलं.

“लिखो,” तारा म्हणाली. “बंद मत करो. सब लिखो.”

अख्खा वर्ग वळून बघू लागला, म्हणजे आवाज मोठा निघाला होता. शीलानं मान खाली घातली. ओळ आली : ‘लो, लाउडस्पीकर चालू हो गया.’

नंतर सर फळ्याकडे वळले आणि त्यांनी पृष्ठताण शिकवला. पाण्याच्या थेंबाला गोल का व्हावंसं वाटतं, ते त्यांनी इतकं सोपं करून सांगितलं की पुस्तकातलं पान त्यापुढे फिकं पडावं. शीलानं तेही शब्दन् शब्द उतरवलं. ताराने तेही वाचलं. सगळं समजलं तिला. एका माणसाच्या तोंडून तासाभरात दोन्ही निघालं होतं, आणि दोन्ही खरं होतं.

संध्याकाळी दयाराम ड्यूटीवरून आले, हातपाय धुऊन खाटेवर बसले आणि मोठ्यानं काहीतरी बोलले. आईनं ओठांनी सांगितलं, “बाबा इचारून राहिले, आज काय म्हनले तुहे सर?”

ताराने त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. मग म्हणाली, “आज पान्याची कातडी शिकवली. मच्छर पान्यावर उभा राहू शकते म्हने. पन भिलाईचा मच्छर उभा नाही राहत, तो खाट टाकून बसते.”

दयाराम खदखदून हसले. तारा त्यांच्याकडे बघत राहिली. ओळ बनवायला तिला काहीच वेळ लागला नव्हता. हे इतकं सोपं आहे, हे तिला आता कळलं. न्यूटनचं सफरचंद, दूध, ते सगळे महिने.

रमा परत आली त्याच दुपारी तारा नेहरू नगरला गेली. दोघी गच्चीवर गेल्या. खाली हायवेवरून ट्रक चालले होते. रमाच्या हातावर लग्नाची मेंदी अजून लाल होती.

“ते जोक तू बनवत होती?” ताराने विचारलं.

रमानं क्षणभर न समजल्यासारखं केलं. मग तिनं कठड्याला पाठ टेकली. “काही मी बनवले. काही बाबाचे होते.”

“अन् सर काय म्हनत होते?”

“तुले माहीत झालं ना आता.”

“कवापासून?”

“पहिल्या हप्त्यापासून.” रमा हळू बोलत होती, ओठ नीट दिसावेत म्हणून, तेवढ्यातही तिला त्याची आठवण होती. “मंग मी काय टाइप करायचं होतं, तारा? तू स्क्रीनकडे पाहून राहिली होती. इतकी खुश होती. मी टाइप केलं असतं तं तू दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडलं असतं.”

“सोडलं असतं तं सोडलं असतं. ते माहं होतं.”

“माह्यानं नाही झालं.”

“मी हसत होतो, रमा. सगळे माह्यावर हसत होते अन् मी त्याइच्यासंगं हसत होतो. तू बाजूले बसून पाहत होती.”

रमाचे डोळे भरले. “अन् मी काय ऐकत नव्हतो? रोज ऐकत होतो मी. तुह्या वाट्याचं अन् माह्या वाट्याचं, दोन्ही. घरी जाऊन जेवन नाही जायचं माह्यानं.”

ताराला त्या क्षणी तिचा हात धरता आला असता. पण तिला आणखी एक विचारायचं होतं, आणि ते विचारायची तिला भीती वाटत होती.

“मी तो सवाल विचारला होता. तारेचा. तवा सर म्हनले होते, बहोत अच्छा सवाल.”

रमाचे ओठ हलले नाहीत. तारा बराच वेळ त्या ओठांकडे बघत राहिली, मग जिना उतरून निघून गेली.

पुढे शीलाच तिच्याबरोबर बसू लागली. रमा आता चौथ्या बाकावर बसायची. वर्मा सर जे बोलायचे ते स्क्रीनवर यायचं, आणि तशी ओळ आली की तारा स्वतः हात पुढे करून बटण दाबायची. ओळीपुढे चांदणी यायची. मागच्या बाकावरच्या एका मुलानं ते वाकून पाहिलं आणि तास संपल्यावर सरांच्या मागे गेला.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते सरळ दरवाजाजवळच्या बाकापाशी. त्यांनी वाकून प्लग काढला. स्क्रीन काळी झाली. मग ते व्यासपीठावर गेले आणि शिकवू लागले.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी वडिलांना बोलावलं. दयाराम पहिल्या पाळीतून तसेच आले, मिलच्या निळ्या कपड्यांत, हातात हेल्मेट. खोलीत साहेब होते, वर्मा सर होते. टेबलावर मशीन. दयारामांना एवढंच कळलं होतं की मुलीची मशीन बंद केली आहे. त्यांनी खुर्चीवर बसायच्या आधीच हात जोडले. ते काय बोलत आहेत ते ताराला दिसत नव्हतं, मिशी मध्ये होती. पण जोडलेले हात दिसत होते, आणि ते वर्मा सरांकडे वळलेले होते.

“बाबा, हात खाली करा,” तारा म्हणाली. “मी सांगतो हे काय बोलत होते ते.”

आणि तिनं सांगितलं. एकेक ओळ, पाठ होती तशी. बहरी. लाउडस्पीकर. देखो, हँस रही है. तिचा आवाज बाहेर व्हरांड्यात जात असावा, कारण शिपाई दारातून डोकावला. दयारामांचे हात हळूहळू खाली आले. त्यांना यातलं काही कुणी पुन्हा सांगायची गरज पडली नाही.

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर शांत होते. ते बोलले आणि साहेबांनी मान हलवली. मग साहेबांनी ताराच्या समोर कागदावर लिहिलं : ‘सर कहते हैं, बी.ए. वाली लड़की ने मन से लिखा है. जो पहले टाइप करती थी उसको बुलाते हैं.’

रमा आली. दारातच उभी राहिली. तिची फिजिक्सची प्रॅक्टिकल पुढच्याच आठवड्यात होती आणि मार्क सरांच्या हातात होते, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. साहेबांनी विचारलं. तारा रमाच्या ओठांकडे बघत होती. जगात ज्या दोन जणींचे ओठ तिला अडखळल्याशिवाय वाचता यायचे, त्यांतली ती एक होती.

“मेरे टाइप में ऐसा कुछ नहीं है, सर,” रमा म्हणाली.

खोटं नव्हतं ते. साहेबांनी ताराला मशीन लावायला सांगितली. तिनं लावली. नोव्हेंबर उघडला, डिसेंबर उघडला, जानेवारी. साहेब चष्मा लावून वाचत गेले. एकही वाकडा शब्द नाही. सेब गिरा. दूध गिरता है. एका ठिकाणी ते थांबले आणि त्यांनी ती ओळ बोटानं सगळ्यांना दाखवली : ‘बहुत अच्छा सवाल. ऐसा सवाल इस क्लास में पहली बार आया.’

“इतनी तारीफ़ करते हैं सर तुम्हारी,” साहेब म्हणाले. हे वाक्य ताराला त्यांच्या ओठांवरूनही वाचता आलं.

ती रमाकडे वळली. रमाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. ती काहीतरी बोलायला गेली, वर्मा सरांनी तिच्याकडे पाहिलं, आणि ती तशीच उलट पावली निघून गेली.

निर्णय साधा होता. फिजिक्सच्या वर्गात बाहेरची, बी.ए.ची मुलगी बसणार नाही. वर्गातलं बोलणं साठवणारं यंत्र वर्गात येणार नाही. बाकी ताराला पहिल्यासारखं बसायची पूर्ण मोकळीक आहे. अर्ज दिलात तर समितीपुढे ठेवू. दयारामांनी अर्ज दिला. त्याचं पुढे काही झालं नाही.

तारा आणखी काही दिवस कॉलेजला गेली. वर्मा सर फळ्याकडे तोंड करून बोलायचे. मध्येच बाक थरथरायचा. कशावर, ते आता तिला कळायला मार्ग नव्हता. कदाचित खरंच पाण्यावर, थेंबावर, न्यूटनवर हसत असतील. एक दिवस बाक थरथरला, आणि ती उठली, पुस्तकं घेतली आणि दरवाजातून बाहेर पडली. ती पुन्हा गेली नाही.

घरी बसून परीक्षा द्यायची तर विज्ञान देता येत नव्हतं, प्रॅक्टिकल असायची. तिनं बी.ए.चा फॉर्म भरला. इतिहास, समाजशास्त्र, हिंदी साहित्य. पुस्तकं वाचायची आणि पेपर लिहायचे. कुणाच्या बोलण्याचा संबंध नव्हता. ओमप्रकाश आला तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मशीन उघडून बसला. काय सुधारायचं ते त्याला सापडेना. प्रोग्राममध्ये काहीच चूक नव्हती. कँटीनमध्ये तेजरामनं दोनदा विचारलं, दयारामांनी ऐकू न आल्यासारखं केलं, मग त्यानं विचारणं सोडलं.

रमा दोन-तीनदा येऊन गेली. तारा आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. मनकर्णाबाई तिला चहा द्यायच्या, रमा तो प्यायची आणि उठायची. शेवटचं आली तेव्हा ती दारात बराच वेळ उभी होती, असं आईनं नंतर सांगितलं.

दोन वर्षांनी रमाचं लग्न ठरलं. पत्रिका कृष्णराव स्वतः घेऊन आले. “नाही जायचं तं नको जाऊ,” आई म्हणाली. पण तारा म्हणाली, जातो. लग्न बोरसीच्या एका मैदानात मांडव घालून होतं. तारा आणि आई स्टेजवर गेल्या. ताराने पाकीट दिलं. रमानं ते घेतलं नाही, ताराचे दोन्ही हात धरले आणि बोलू लागली. पण ती रडत होती, मुंडावळ्या पुढे आल्या होत्या, मोठा लाइट मागून डोळ्यांवर येत होता; ताराला एक शब्द वाचता आला नाही. मागे लोक उभे होते. फोटोवाल्यानं हात केला. मायलेकी खाली उतरल्या.

“काय म्हनली ते?” ताराने विचारलं.

“सुखी राहा म्हनली,” आई म्हणाली.

“आई.”

मनकर्णाबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. मांडवाच्या कडेला एक रिकामी खुर्ची होती, तिथे त्यांनी ताराला बसवलं आणि समोर उभ्या राहिल्या.

“सगळं सांग,” तारा म्हणाली. “जसं म्हनली तसं.”

आईनं पदरानं तोंड पुसलं. मग ती सावकाश, एकेक शब्द मोकळा करत म्हणाली, “म्हनली, तू आली नसती तं बरं झालं असतं. मी आज नाही रडनार होतो म्हनली. तुह्याकडं पाहिलं का मले तेच ऐकू येते, अजून. म्हनली, तुले तं एकच डाव वाचा लागलं. मले रोज ऐका लागलं.” आई थांबली. “अन् म्हनली, त्या दिवशी साहेबापुढं मी खरं बोललो असतो तं नापास झालो असतो. म्हनून नाही बोललो. दुसरं काही कारन नव्हतं, म्हनली.”

तारानं मान हलवली.

“अजून?”

“बस. एवढंच.”

ताराने आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आई काही लपवत नव्हती. स्टेजवर रमा आता नवऱ्याच्या कुणा मामांच्या पाया पडत होती. तिनं मान वर केली तेव्हा तिचं काजळ पसरलेलं दिसत होतं, आणि कुणी बाई रुमालानं ते टिपत होती.

“बरं केलं सांगतलं,” तारा म्हणाली. तिनं पाकीट आईकडे दिलं, कृष्णरावांच्या हातात द्यायला. आई येईपर्यंत ती खुर्चीवर बसून राहिली. मग दोघी जेवायच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.